शांततेचे ध्वनिमुद्रण

गेल्या पावसाळ्यात, वीज गेलेल्या एका रात्री, मी एक जुना कार्यक्रम ऐकला. बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसच्या ‘विटनेस’ ह्या मालिकेत तो २०१३ साली प्रसारित झाला होता. लांबी जेमतेम दहा मिनिटांची. ‘इंडियानापोलिस’ ह्या अमेरिकन युद्धनौकेवरून वाचलेले लोएल डीन कॉक्स हे त्यात आपली हकिकत सांगतात. नौका बुडाली तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते. ध्वनिमुद्रणाच्या वेळी वयाची ऐंशी वर्षे त्यांनी ओलांडली होती. कार्यक्रम संपला, आणि मला माझ्या कपाटात पडून असलेल्या एका ध्वनिफितीची आठवण झाली. त्या आठवणीबरोबर थोडी लाजही वाटली. तिचे कारण लेखाच्या अखेरीस सांगेन. आधी त्या नौकेविषयी, आणि बुडालेल्या माणसांची कहाणी आवाजातून जतन करणाऱ्या ह्या कलाप्रकाराविषयी.

आकाशवाणीवर ज्याला आपण ‘रूपक’ म्हणत आलो, त्याच कुळातला हा प्रकार. नाटक नव्हे, बातमी नव्हे आणि भाषणही नव्हे. ज्याच्यावर प्रसंग गुदरला त्याच्याच तोंडून तो ऐकवायचा, मध्ये निवेदकाने हवे तेवढेच बोलायचे, आणि ह्या सर्वांतून काही एक आकार उभा करायचा. आपल्या समीक्षेने कथा, कविता, नाटक ह्यांची भरपूर चिकित्सा केली. परंतु ऐकण्याच्या ह्या साहित्याकडे तिने फारसे लक्ष दिले नाही. छापलेले नाही म्हणून ते साहित्य नाही, अशी काहीशी आपली समजूत असावी. वास्तविक आपल्या घरांतल्या आज्या-पणज्यांनी जे सांगितले ते सारे ऐकण्याचेच साहित्य होते.

प्रथम घटना पाहू. ‘इंडियानापोलिस’ ही १९३२ साली अमेरिकन नौदलात दाखल झालेली मोठी क्रूझर. १६ जुलै १९४५ रोजी ती सॅन फ्रान्सिस्कोहून निघाली आणि २६ जुलैला प्रशांत महासागरातील टिनियन बेटावर तिने एक गुप्त माल उतरवला. तो हिरोशिमावर पडलेल्या अणुबॉम्बचा भाग होता, हे नौकेवरच्या खलाशांना ठाऊक नव्हते. तेथून ग्वामला जाऊन ती फिलिपाइन्समधील लेटेकडे निघाली. सोबत संरक्षक नौका दिलेली नव्हती. ३० जुलैच्या मध्यरात्रीनंतर सुमारे पंधरा मिनिटांनी ‘आय-५८’ ह्या जपानी पाणबुडीचे दोन पाणतीर तिच्यावर आदळले. सहाशे दहा फूट लांबीची ती नौका बारा मिनिटांत तळाला गेली. तिच्यावर १,१९५ माणसे होती. सुमारे तीनशे नौकेबरोबरच गेली. उरलेली जवळजवळ नऊशे माणसे रात्रीच्या काळोखात, तेलाने माखलेल्या पाण्यात पडली. कित्येकांच्या अंगावर जीवरक्षक जाकीट होते, कित्येकांच्या नव्हते. तराफे फार थोडे.

पुढे जे घडले ते शत्रूच्या हल्ल्याहूनही भयंकर आहे. ही नौका ठरल्या दिवशी लेटेला पोहोचली नाही, हे कोणी ध्यानातच घेतले नाही. लढाऊ नौकांच्या आगमनाची वर्दी देऊ नये असा नियम होता. त्याचा अर्थ असा लावला गेला की, त्या न आल्याचीही वर्दी द्यायला नको. चार दिवस ती माणसे समुद्रात होती. २ ऑगस्टला नेहमीच्या गस्तीवर असलेल्या एका विमानाचे वैमानिक विल्बर ग्विन ह्यांना पाण्यावर तेलाचा पट्टा दिसला, आणि त्यात माणसांची डोकी दिसली. त्यानंतर एड्रियन मार्क्स ह्यांनी आपले समुद्री विमान, उघड्या समुद्रात उतरू नये असा हुकूम असताना, लाटांवर उतरवले आणि छप्पन्न माणसांना वर घेतले. आत जागा उरली नाही तेव्हा त्यांना पंखांवर बांधून ठेवले. अखेर ३१६ माणसे जिवंत परतली. ८७९ गेली.

ह्या घटनेचे सर्वांत प्रसिद्ध कथन कोणते? ते कोणा वाचलेल्याचे नाही. १९७५ सालच्या ‘जॉज’ ह्या चित्रपटातील आहे. त्यात क्विंट नावाचा शार्कमासे मारणारा कोळी रात्री बोटीच्या खोलीत बसून ‘इंडियानापोलिस’ची हकिकत सांगतो. रॉबर्ट शॉ ह्या नटाने ते स्वगत असे म्हटले आहे की, आज पन्नास वर्षांनीही त्याने अंगावर काटा येतो. ज्या कादंबरीवरून चित्रपट बेतला तिच्यात हा प्रसंग नाही. कला म्हणून स्वगत उत्तम आहे, हे मोकळेपणाने मान्य करावे. परंतु त्यातली तारीख चुकलेली आहे. नौका जुलैअखेरीस बुडाली, क्विंट मात्र जूनची एकोणतीस सांगतो. तारखेची चूक किरकोळ म्हणून सोडून देता येईल. दुसरी गोष्ट सोडता येत नाही. त्या स्वगतात समुद्रातली चार दिवसांची सारी यातना एका प्राण्याच्या जबड्यात जाऊन बसली आहे.

शार्क होतेच. आपल्या किनाऱ्यावर ज्यांना मुशी, मोरी म्हणतात त्यांचेच हे अजस्र भाऊबंद. त्यांनी माणसे ओढून नेली, हे वाचलेले सर्वच सांगतात. परंतु त्याच वाचलेल्यांच्या साक्षी पाहिल्या तर मृत्यूची मोठी कारणे वेगळी दिसतात: जखमा, उन्हाने भाजलेली कातडी, रात्रीची थंडी, आणि सर्वांत अधिक तहान. चोहोकडे पाणी असताना ज्यांना राहवले नाही त्यांनी ते खारे पाणी प्यायले, आणि त्यांचे भान हरपले. कोणाला जवळच बेट दिसू लागले. कोणाला वाटले, नौका इथेच खाली आहे, बुडी मारली की तिच्यावरचे गोड पाणी मिळेल. ते बुडी मारत आणि परत येत नसत. ह्या मृत्यूंना जबडा नाही, रक्त नाही, म्हणून पडद्यावर ते दाखवता येत नाहीत. श्राव्य माध्यमाची गरज नेमकी येथे निर्माण होते. डोळ्यांना न दिसणारी तहान कानांना ऐकू येते. सांगणाऱ्याच्या कोरड्या पडलेल्या घशात ती ऐकू येते.

आता ‘विटनेस’चा तो कार्यक्रम. त्याची रचना साधी आहे. निवेदक मोजक्या वाक्यांत काळ आणि स्थळ सांगून बाजूला होतो. नंतर कॉक्स बोलतात. त्यांची भाषा टेक्सासच्या खेड्यातल्या माणसाची, संथ. नौका सरळ खाली जाताना मागे वळून पाहिले, माणसे उड्या टाकत होती आणि पंखे अजून फिरत होते, असे ते सांगतात, तेव्हा ते कोणतेही विशेषण वापरत नाहीत. तीसएक जणांच्या घोळक्यात आपण शिरलो आणि दररोज त्यांतले काही कमी होत गेले, हेही ते अशाच स्वरात सांगतात. शोकांतिकेचा नट असता तर त्याने आवाज चढवला असता. ज्याने भोगले आहे त्याला चढवावा लागत नाही.

ह्या कथनातले एक स्थळ मी अनेक वेळा ऐकले. रात्र आहे, मदत अजून हाताशी आलेली नाही, आणि कॉक्स ह्यांना आकाशातून, ढगांतून, एक प्रचंड प्रकाश उतरताना दिसतो. त्यांना वाटते, देवदूत आले. प्रत्यक्षात तो ‘सेसिल डॉइल’ ह्या नौकेचा शोधदिवा होता. तिचे कप्तान ग्रॅहम क्लेटर ह्यांनी, शत्रूच्या पाणबुडीला आपला ठावठिकाणा कळण्याचा धोका पत्करून, तो दिवा वर आकाशाकडे रोखला होता. पाण्यातल्या माणसांनी तो पाहावा आणि आणखी काही तास तग धरावा, एवढ्यासाठी. कॉक्स दोन्ही गोष्टी एका दमात सांगतात: देवदूत वाटले, आणि दिवा होता. एखाद्या भाविक लेखकाने पहिली गोष्ट ठेवून दुसरी पुसट केली असती. एखाद्या बुद्धिवाद्याने दुसरी ठेवून पहिलीला भ्रम म्हटले असते. सांगणाऱ्या माणसाला त्या दोहोंत भांडण दिसत नाही, आणि संपादकानेही ते लावून दिलेले नाही. ह्या दहा मिनिटांचे मोठेपण मला येथे दिसते.

कार्यक्रमाच्या अखेरीस कॉक्स आपल्या स्वप्नांविषयी बोलतात. अजूनही रात्री स्वप्ने पडतात आणि त्यांत ते आपल्या सोबत्यांना शोधत असतात. सुटकेच्या क्षणी कार्यक्रम संपवला असता तर श्रोता सुखाने झोपला असता. तसे न करता अडुसष्ट वर्षांनंतरच्या रात्रीपर्यंत तो नेला, हा योग्य निर्णय होय. सुटका झाली म्हणजे प्रसंग संपला, ही समजूत फक्त किनाऱ्यावरच्या माणसांची असते.

ह्याच्या शेजारी दुसरी एक साक्ष ठेवून पाहावी. नौकेवरील डॉक्टर लुइस हेन्स हेही वाचले. त्यांची मुलाखत नौदलाच्या वैद्यकीय विभागाच्या नियतकालिकात १९९५ साली छापून आली. पाण्यात त्यांच्याजवळ औषध नव्हते, उपकरण नव्हते. डॉक्टर म्हणून एकच काम उरले होते: कोण मेला हे ठरवणे. डोळ्याची बाहुली विस्फारलेली आहे आणि पापणी लवत नाही असे दिसले की, ते त्या माणसाचे जाकीट सोडवून ज्याला नसेल त्याला देत, त्याचा ओळखबिल्ला काढून घेत, प्रभूची प्रार्थना म्हणत आणि त्याला सोडून देत. पुढे बिल्ले एवढे झाले की, हातात मावेनात. ह्या मुलाखतीत ते सांगतात की, पन्नास वर्षे लोटली तरी ती प्रार्थना म्हणताना किंवा ऐकताना आपल्याला आवरत नाही.

हे वाक्य वाचून मी थांबलो. दर रविवारी मिस्सामध्ये आपण सारे जी प्रार्थना एका सुरात, काही वेळा विचार दुसरीकडे असताना, म्हणून टाकतो, ती ह्या वृद्ध डॉक्टरांना म्हणवत नव्हती. परंतु छापील पानावर ते एक विधान आहे. आपल्याला आवरत नाही, असे ते म्हणाले असे आपण वाचतो. न आवरणे आपल्याला ऐकू येत नाही. वाक्याच्या मधोमध आवाज कोठे अडला, पुढचा शब्द यायला किती वेळ लागला, मुलाखत घेणाऱ्याने तेवढा वेळ गप्प राहून दिला की नाही, ह्यातले काहीही कागदावर उतरत नाही. कागदावर दोन वाक्यांमध्ये एक पूर्णविराम असतो आणि सगळे पूर्णविराम सारख्याच आकाराचे असतात. लिखित मौखिक इतिहासाची ही मर्यादा आणि श्राव्य माहितीपटाचे हे बलस्थान.

डॉ. हेन्स ह्यांच्याच सोबत पाण्यात होते नौकेवरचे धर्मगुरू फादर थॉमस कॉनवे. जन्म १९०८, वॉटरबरी गावचा. धर्मगुरुपदाची दीक्षा १९३४ साली, बफलो धर्मप्रांतासाठी. त्या वर्षीच्या मार्चअखेरीस ओकिनावाजवळ ह्याच नौकेवर जपानी आत्मघातकी विमान आदळून नऊ खलाशी मेले होते; तेव्हा फादरांनी आपली रजा त्यांच्या कुटुंबांना भेटण्यात खर्चिली, असे सांगितले जाते. नौका बुडाल्यावर तीन दिवस ते एका घोळक्याकडून दुसऱ्याकडे पोहत राहिले. कोणाबरोबर प्रार्थना केली, कोणाचे पापनिवेदन ऐकले, घोळक्यापासून वाहत चाललेल्यांना परत आणले. मग त्यांचीच शक्ती संपली आणि ते गेले. २०२१ साली त्यांना मरणोत्तर ‘नेव्ही क्रॉस’ हा सन्मान मिळाला. नौकेची रोजनिशी नौकेबरोबर बुडाली होती. फादरांचे ते तीन दिवस आज आपल्याला माहीत आहेत ते केवळ वाचलेल्यांनी सांगितले म्हणून.

येथे एक आक्षेप येईल आणि तो गंभीर आहे. आठवणीवर विश्वास किती ठेवावा? साठ-सत्तर वर्षांनी सांगितलेल्या हकिकतीत भर पडत असते. एकाचे ऐकलेले दुसऱ्याच्या पाहिलेल्यात मिसळते. दरवर्षीच्या मेळाव्यात पुन्हा पुन्हा सांगून कहाणीला धार येते. चित्रपट आल्यानंतर वाचलेल्यांच्या आठवणींतही शार्कांनी अधिक जागा व्यापली असेल, ही शंका घ्यायला जागा आहे. हे सारे मला मान्य आहे. परंतु कागदाची आठवण तरी निर्दोष असते काय? ह्या नौकेवर १,१९६ माणसे होती आणि ३१७ वाचली, असे कित्येक दशके छापले जात होते. प्रस्थानापूर्वीच नौकेवरून उतरलेल्या एका रेडिओ तंत्रज्ञाचे नाव यादीत राहून गेले होते. तो आकडा नौदलाने २०१८ साली दुरुस्त केला. कागद चुकतो तेव्हा ठाम स्वरात चुकतो. माणूस चुकतो तेव्हा बहुधा त्याच्या आवाजात थोडी चाचपणी ऐकू येते. चांगला संपादक ती चाचपणी कापत नाही. श्रोत्याने किती विश्वास ठेवावा ह्याचे माप तीच असते.

आणि साक्षीचे मोल केवळ भावनेपुरते नसते, हे ह्याच नौकेच्या इतिहासाने दाखवले आहे. कप्तान चार्ल्स मॅकव्हे वाचले, आणि नौदलाने त्यांच्यावरच खटला भरला. नौका नागमोडी मार्गाने न नेल्यामुळे तिला धोक्यात घातले, असा ठपका डिसेंबर १९४५ मध्ये ठेवण्यात आला. नागमोडी गेली असती तरीही फरक पडला नसता, असे त्या खटल्यात खुद्द पाणबुडीचे कप्तान मोचित्सुरा हाशिमोतो ह्यांनी सांगितले. शत्रूलाच साक्षीला आणले आणि त्याचे म्हणणे मनावर घेतले नाही. शिक्षा पुढे माफ झाली, ठपका राहिला. मृतांच्या काही नातलगांची द्वेषाची पत्रे मॅकव्हे ह्यांना वर्षानुवर्षे येत राहिली. नाताळच्या दिवसांतही येत. नोव्हेंबर १९६८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली.

त्यांच्या हाताखालचे खलाशी मात्र आरंभापासून एकच गोष्ट सांगत होते: दोष कप्तानांचा नव्हता. १९६० साली वाचलेल्यांचा पहिला मेळावा भरला तेव्हा त्यांनी मॅकव्हे ह्यांना सन्मानाने बोलावले. परंतु त्यांचे ऐकणार कोण? १९९६ साली फ्लोरिडातील हंटर स्कॉट ह्या शाळकरी मुलाने ‘जॉज’ पाहिला, क्विंटचे स्वगत ऐकले आणि शाळेच्या इतिहास प्रकल्पासाठी हा विषय घेतला. वाचलेल्यांपैकी दीडशेच्या आसपास माणसांना त्याने गाठले आणि विचारले. त्यातून निघालेला प्रश्न अमेरिकन संसदेपर्यंत पोहोचला. २००० साली संसदेने मॅकव्हे ह्यांना दोषमुक्त ठरवणारा ठराव केला आणि २००१ साली नौदलाने त्यांच्या नोंदीत तशी दुरुस्ती केली. जपानमध्ये शिंतो पुरोहित झालेले हाशिमोतो ह्यांनीही त्या खटपटीला पाठिंबा देणारे पत्र लिहिले होते. ठराव होण्याच्या काही दिवस आधी ते वारले. ज्या चित्रपटाला मी वर नावे ठेवली, त्यानेच एका मुलाला ह्या वाटेवर आणले, हेही नमूद करणे न्यायाचे ठरेल. मात्र फरक ध्यानात घ्यावा. चित्रपटाने त्या मुलाचे कुतूहल जागे केले. न्याय मिळवून दिला तो खऱ्या माणसांना विचारण्याने.

आता ह्या कलाप्रकाराच्या दोषांविषयी. अलीकडे अशा श्राव्य कथनांचा सुकाळ झाला आहे, आणि त्यांतल्या अनेकांना शांततेची भीती वाटते. माणूस गप्प झाला की, खालून सारंगीसारखे संगीत चढते. ‘समुद्र’ हा शब्द आला की, लाटांचा आवाज येतो. कोणी मेल्याचे सांगितले की, निवेदक लगेच त्याचा अर्थ समजावतो. श्रोता स्वतः काही करील, ह्यावर विश्वासच नाही. उकडलेल्या पेजेत मसाला घालण्यासारखेच हे. आजाऱ्याला पेज देतात ती तिच्या साधेपणासाठी.

ध्वनी आणि संगीत निषिद्ध आहे असे मी म्हणत नाही. १९५८ पासून बीबीसीसाठी चार्ल्स पार्कर, इवान मॅकॉल आणि पेगी सीगर ह्या तिघांनी ‘रेडिओ बॅलड’ नावाचा प्रकार घडवला. तोवर कामकऱ्यांचे बोलणे टिपून घ्यायचे, ते नीटनेटके लिहून काढायचे आणि नटांकडून वाचून घ्यायचे, अशी रीत होती. ह्या तिघांनी टिपलेला मूळ आवाजच ठेवला आणि गाणी त्या आवाजांच्या लयीवरून रचली. १९६० सालचे त्यांचे ‘सिंगिंग द फिशिंग’ हेरिंग मासे पकडणाऱ्या कोळ्यांवर आहे. त्याला ‘प्री इटालिया’ हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तेथे संगीत माणसाच्या बोलण्यातून उगवते. ते त्याच्यावर पांघरूण घालत नाही. कसोटी एवढीच: संगीत काढून घेतले तर बोलणारा माणूस कमी होतो की अधिक स्पष्ट ऐकू येतो? अधिक स्पष्ट ऐकू येत असेल तर ते नसावे.

आणखी एक मर्यादा आहे, ती मात्र कोणत्याही कौशल्याने ओलांडता येत नाही. ३१६ जणांतल्या काहींचे आवाज आपल्यापाशी आहेत. ८७९ जणांचा एकही नाही. वाचलेला माणूस स्वतःच्या वाचण्याची गोष्ट सांगतो, त्यामुळे अशा प्रत्येक कथनाचा शेवट सुटकेत होतो. बहुतेकांची सुटका झालीच नव्हती. कॉक्स ह्यांच्या कथनात, हेन्स ह्यांच्या साक्षीत, ही जाणीव सतत आहे. हातात न मावणारे ते बिल्ले म्हणजे न बोलणाऱ्यांची हजेरी होय. ज्या कार्यक्रमात ही हजेरी लागत नाही, तो कितीही रोमांचक असो, मृतांशी प्रामाणिक नाही.

ह्या कहाणीला आपला किनाराही अपरिचित नाही. २० नोव्हेंबर १९४२ रोजी ‘तिलावा’ ही प्रवासी बोट मुंबईहून आफ्रिकेकडे निघाली आणि तीन दिवसांनी पहाटेच्या अंधारात जपानी पाणबुडीने ती बुडवली. साडेनऊशेवर माणसे होती; २८० गेली. वाचलेल्यांना ‘बर्मिंगहॅम’ ह्या ब्रिटिश क्रूझरने उचलले आणि २७ नोव्हेंबरला मुंबईस परत आणून सोडले. म्हणजे ती कहाणी मुंबईच्या धक्क्यावर उतरली होती. सहाशेवर माणसे ती पोटात घेऊन आपल्याच रस्त्यांवरून चालत गेली. ऐंशी वर्षांनंतर, २०२२ साली, तिची आठवण जागवण्यात आली तेव्हा तो प्रसंग स्वतः पाहिलेले फार थोडे उरले होते.

आता त्या ध्वनिफितीविषयी. माझे थोरले मामा उमेदीच्या वयात बोटीवर स्वयंपाकी होते. महायुद्धात त्यांची मालवाहू बोट बुडाली आणि दोन रात्री ते पाण्यात होते, एवढे आम्हां मुलांना घरच्या बायकांकडून ऐकून ठाऊक होते. ते स्वतः कधी बोलले नाहीत. १९९४ साली, धर्मग्रामाच्या स्मरणिकेसाठी मजकूर हवा म्हणून, मी टेपरेकॉर्डर घेऊन त्यांच्यासमोर बसलो. आश्चर्य म्हणजे ते बोलू लागले. परंतु थोडे बोलत आणि थांबत. खिडकीबाहेर पाहत. साठ मिनिटांची एकच फीत माझ्याजवळ होती, ती वाया जाऊ नये म्हणून ते थांबले की मी बटण दाबून यंत्र थांबवी, आणि “मामा, पुढे?” असे विचारून ते बोलू लागले की पुन्हा सुरू करी. स्वतःच्या काटकसरीवर मी तेव्हा खूश होतो.

मामा जाऊन आता बरीच वर्षे झाली. कॉक्स ह्यांना ऐकल्यानंतर मी ती फीत काढली. मुलाने शेजाऱ्यांकडून जुने यंत्र मिळवून आणले. मामांचा आवाज स्वच्छ आहे. बोट कशी कलली, भांडी कशी घरंगळली, कोणाच्या कमरेला धरून ते तरंगत राहिले, हे सारे आहे. “मग तो सुटला,” असे ते म्हणतात. लगेच एक खट् असा आवाज येतो, आणि पुढचे वाक्य सुरू होते: “सकाळी दुसरी बोट आली.” त्या दोन वाक्यांमध्ये ते किती वेळ गप्प होते, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. मला आठवते, पुष्कळ वेळ. चहा निवून गेला होता. त्या शांततेत त्यांच्या कमरेजवळचा तो माणूस होता, आणि मी फीत वाचवण्यासाठी त्याला गाळले.

समीक्षकाने इतरांच्या कृती तपासताना आपलीही एखादी तपासावी, म्हणून हे लिहिले. आज फितीची टंचाई राहिलेली नाही. खिशातला दूरध्वनी तासन् तास टिपून घेऊ शकतो. आपल्या धर्मग्रामांतून बोटीवर गेलेली, गोदीत राबलेली, युद्ध पाहिलेल्यांच्या मांडीवर वाढलेली माणसे अजून आहेत. त्यांना बोलायचे नसेल तर तो त्यांचा अधिकार आहे, तो मानावा. बोलायचे असेल तर जवळ बसावे, यंत्र सुरू करावे. आणि ते गप्प झाले तर हात मांडीवर ठेवावेत.